बिनकान्याचं तिरफळ

जयपूरनं पेंटरांचे दोन शब्द कधी धड ऐकले नाहीत. एक त्यांच्या जमातीचा, एक त्यांच्या जेवणातला. "पहिला चुकीचा ऐकला म्हणून गादीवर बसवलं, दुसरा चुकीचा ऐकला म्हणून संडासात बसवलं," असं ते म्हणत. म्हणताना हसत नसत. हसायचं काम समोरच्यावर सोपवून ते स्वतः भिंतीवरच्या कुठल्या तरी अक्षराकडे बघत राहायचे.

अक्षरांकडे बघणं हा त्यांचा धंदाही होता आणि रोगही. ते रेल्वेत पेंटर होते. स्टेशनच्या टोकाला उभे असतात ते पिवळे बोर्ड, त्यावरची काळी अक्षरं त्यांच्या हातची. मी त्याच रेल्वेत स्टोअरचा कारकून. ते पहिल्यांदा माझ्या खिडकीवर रंग न्यायला आले तेव्हा मी फोनवर घरी मराठीतून भांडत होतो. भांडण संपेपर्यंत शांतपणे थांबले आणि म्हणाले, "भुसावळकडचा का? शिवीवरून वाटलं." त्या दिवसापासून मी 'खानदेश' झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला अजून शंका आहे. मीही त्यांना पेंटरच म्हणत आलो. तेव्हा इथंही तेच चालू दे.

पेंटर कर्जतकडच्या डोंगरातले ठाकर. आदिवासी. रायगड जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागत नाही, ठाकरवाडी म्हटलं की लोकांना कळतं. जयपूरला हजर झाले त्या दिवशी कुणीतरी विचारलं, "आप कौन हुए?" यांनी सरळ सांगितलं, "हम ठाकर हैं." ऐकणाऱ्यानं आपल्या पदरचा एक उकार घालून घेतला. राजस्थानात ठाकुर म्हणजे राजपूत, गढी, मिशा, तलवार. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसचा शिपाई खुर्ची पुसून "पधारो हुकुम" म्हणायला लागला. पेंटर अंगानं काटकुळे, मिशीचा पत्ता नाही, चपलेवर पिवळ्या रंगाचे थेंब. पण लोकांच्या कानात एक गोष्ट बसली की ते डोळ्यांना विचारत नाहीत.

सुरुवातीला ते दुरुस्ती करत. "ठाकुर नहीं भैया, ठाकर."

"एक ही बात है, हुकुम."

"एक नहीं है."

"अरे आप लोगों की विनम्रता है ये," असं म्हणून समोरचा आणखी वाकायचा. पुढे पुढे त्यांनी नाद सोडला. फक्त कुणी 'ठाकुर साब' अशी हाक मारली की खिशात हात घालून काहीतरी तोंडात टाकायचे आणि गप्प व्हायचे. मला वाटायचं, बडीशेप असेल. एकदा मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं आणि तळव्यावर एक दाणा ठेवला. मिऱ्याहून मोठा, तपकिरी, खडबडीत, मधोमध फाटलेला, आत चकचकीत काळी बी. मी बीसकट चावला.

आधी संत्र्याची साल नखानं फोडल्यासारखा वास आला. मग मुंग्या येऊन झोपलेल्या पायासारखी माझी जीभ झाली. लाळ सुटली, ओठ कुठं संपतात ते कळेना, आणि मी "हे काय आहे" म्हणायला गेलो तर तोंडातून "ए आय आए" असं काहीतरी निघालं. त्या दिवशी पेंटर पहिल्यांदा हसले. उजव्या डोळ्याला पाणी येईपर्यंत हसले.

"तिरफळ," ते म्हणाले. "बी टाकून द्यायची असते, खानदेश. तुमच्याकडे माणसांना काही शिकवतात की नाही?"

खानदेशात तिरफळ नसतं. कोकणात असतं, माशाच्या कालवणात घालतात, हे मला नंतर कळलं. पण पेंटरांच्या वाडीवर ते दुकानातून आणायची वस्तू नव्हती. वाडीच्या मागच्या उतारावर एक झाड होतं. खोडाला बोटाएवढाले काटे, त्यामुळं त्यावर चढता येत नाही. आकडी लावून फांदी खाली ओढायची आणि घोस तोडायचे. वाळले की उकलतात. बी काढून टरफल ठेवायचं आणि शेतातल्या खेकड्यांच्या रश्शात, सुक्या मासळीत ठेचून टाकायचं. "कुणी लावलं होतं ते झाड?" असं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. "लावायचं कशाला? ते येतं." तोडायची एक रीत मात्र होती. शेंड्याची फळं तोडायची नाहीत. ती पाखरांची. पाखरं खातात आणि कुठं कुठं नेऊन टाकतात, म्हणून जंगलात तिरफळ असतं.

दर दिवाळीनंतर त्यांची बहीण फडक्यात बांधलेली पुरचुंडी पाठवायची. कुणीतरी रेल्वेतला येणारा-जाणारा ती पोहोचवायचा. ती पुरचुंडी म्हणजे पेंटरांचं वर्ष. जयपुरात खेकडे कुठले, मासा तरी कुठला. म्हणून ते डाळीत टाकायचे, बाटीबरोबरच्या डाळीत टाकायचे, कँटीनच्या कढीत टाकायचे. एकदा चहात टाकलेलं मी पाहिलं आहे. त्यांची बायको जिवंत होती तोवर वैतागायची, "ह्यांच्या तोंडाला काहीच लागत नाही त्याशिवाय." ते म्हणायचे, "लागतं. पण कुठं बसून जेवतोय ते कळत नाही."

पण तिरफळाचा त्यांचा खरा उपयोग वेगळाच होता. साहेबांनी बोलावलं की आत जाण्याआधी एक टरफल जिभेवर. साहेब बोलायचे, आवाज चढवायचे, 'रंग इतना कैसे लगा' विचारायचे. पेंटर मान हलवायचे. बाहेर आले की पाण्यानं चूळ भरायचे. मी एकदा छेडलं, "घाबरता होय साहेबाला?"

"साहेबाला कोण घाबरतो. मी माझ्या जिभेला घाबरतो. दात आवळले तरी शब्द फटीतून निघतो. जीभच झोपवायला लागते," ते म्हणाले. मला हे तेव्हा फार गमतीचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्यांचा मुलगा जयपुरातच जन्मला. मराठी बोलतो, पण चपलेत खडा असल्यासारखी. मालवीय नगरात एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढं त्याची थट्टा होणार आहे. तर त्यानं कॉलेजात असताना मोटरसायकल घेतली आणि मागच्या नंबरपट्टीवर ऐटीत लिहून आणलं, 'ठाकुर'. पेंटरांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली बसून अक्षरं बघितली आणि म्हणाले, "उकार जादा पडलाय."

"पापा, इथं असंच लिहितात. मतलब, सगळे हेच समजतात ना."

"समजू दे. तू लिहू नको."

मुलानं ते पुसलं नाही. पेंटरांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्याच्या क्लासच्या दाराशी 'भौतिकि' अशी पाटी लागली तेव्हा मात्र हे गृहस्थ भरदुपारी स्टूल आणि ब्रश घेऊन मालवीय नगरात गेले, शेवटची वेलांटी पुसून दुसरी काढली, आणि मालकानं हाताला धरून खाली उतरवेपर्यंत तिला गोलाई देत बसले. मुलगा आठवडाभर बापाशी बोलला नाही. "नोकरी गेली असती माझी," तो मला म्हणाला. पेंटरांचं म्हणणं होतं की चुकीच्या वेलांटीखाली मिळवलेली नोकरी गेलेली बरी. जो माणूस आपल्या पोराच्या गाडीवरचा उकार गिळतो तो दुसऱ्याच्या पाटीवरची वेलांटी का गिळत नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. उत्तर त्यांनाही ठाऊक नसावं.

बस्सीचं सांगायला हवं. आग्रा रस्त्याकडचं हे स्टेशन, तिथला बोर्ड उन्हानं उडाला होता. रंगाचे डबे मोजून द्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. जयपूरहून ठाकुर साब आलेत ही बातमी कुणी पसरवली कोण जाणे. दुपारी गावातले एक खरेखुरे ठाकुर, पांढऱ्या मिशांचे, स्वतः आम्हाला जेवायला न्यायला आले. गादी, लोड, चांदीचा पेला. लाल मांस वाढलं. पेंटरांनी सवयीनं खिशातून टरफल काढलं, बोटांनी चुरलं आणि रश्शावर भुरभुरवलं. यजमानांनी कुतूहलानं मागितलं, चाखलं, आणि मिशीखालचे ओठ चाचपत खूष झाले.

"ये कहाँ से मँगवाते हो, हुकुम?"

"हमारे जंगल से."

"अच्छा, आपका जंगल. बड़ा होगा?"

"कभी नापा नहीं. पूरा डोंगर है."

"तो आपके आदमी तोड़ लाते होंगे."

"बहन तोड़ती है."

यजमान मोठ्यानं हसले. एवढ्या मोठ्या डोंगराच्या धन्याची बहीण झाडाखाली आकडी घेऊन उभी, ही त्यांना थट्टा वाटली. पेंटरांनी हातातला घास थाळीत ठेवला. खिशाकडे त्यांचा हात गेलेला मी पाहिला. पण या वेळी तो तसाच परत आला.

"हम वो ठाकुर नहीं," ते म्हणाले. "हम ठाकर. जंगल के लोग. आदिवासी."

यजमान सभ्य गृहस्थ होते. काही वावगं बोलले नाहीत, जेवण पुरं होईपर्यंत बसले, हात धुवायला पाणीही दिलं. फक्त आग्रह थांबला. कसा थांबला ते सांगता येत नाही, पंखा बंद झाल्यावर कळतं तसं कळलं. बोर्डाची दुसरी बाजू रंगवायला आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा स्टेशनवर कुणी आलं नाही. पेंटर बोर्डाच्या सावलीत बसून डब्यातली डाळ-भाकरी जेवले.

"बरं झालं," म्हणाले. "मांसात तेल फार होतं."

जेवून झाल्यावर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. टरफलं वापरून उरलेल्या काळ्या बिया ते टाकून देत नसत. बोर्ड रंगवून झाला की त्याच्या मागच्या जमिनीत बोटानं भोकं पाडायचे आणि बिया पेरायचे. प्रत्येक स्टेशनात, इतकी वर्षं. वाळू, ऊन, पाण्याचा टिपूस नाही. मी म्हटलं, "अहो, इथं बाभूळ जगत नाही धड, तुमचं कोकणातलं झाड कसं येईल?"

"पाखरं असं विचारत बसत नाहीत."

पुन्हा त्या स्टेशनात गेलं की आधी बोर्डामागं जाऊन बघायचे. वाकून, पानं बाजूला करून. काही उगवलेलं असलं तर तण असायचं. परत येऊन हात झटकायचे. मी विचारायचं सोडलं. एकही उगवलं नाही. त्यांच्या साऱ्या नोकरीत, साऱ्या राजस्थानात, एकसुद्धा नाही.

मग छापील बोर्ड आले. अक्षरं मशीनमधून निघायला लागली, सगळी सारखी, बिनचुकीची आणि मेलेली. निवृत्तीआधीची काही वर्षं पेंटर प्लॅटफॉर्मच्या कडेला पिवळी रेघ मारत होते. "अक्षरावरून रेघेवर आलो," म्हणायचे, "आता टिंब तेवढं बाकी." निवृत्त झाले, बायको गेली, क्वार्टर सुटलं, मुलाच्या मालवीय नगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. आणि ज्या माणसानं जन्मात विडी ओढली नाही, तंबाखू मळली नाही, त्याला घशाचा कॅन्सर झाला. यात न्याय शोधायला जाऊ नये. मी गेलो होतो, काही सापडलं नाही.

रेडिएशनचे शेक घेतले. घसा भाजला, आवाज घोगरा झाला, अंगावरचं होतं नव्हतं ते मांस गेलं. ते सगळं त्यांनी सोसलं. चव गेली ते मात्र सोसवेना. सगळं मातीसारखं लागतं, म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी येईल, कदाचित येणारही नाही. पेंटरांनी त्यातलं पहिलं वाक्य धरून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं होतं की जिभेत काही बिघाड नाही, जयपूरच्या अन्नातच दम नाही. "तिरफळ आण. ते लागलं की समज मी आहे. नाही लागलं तर मग उगाच जेवायचं कशाला." हे ते अगदी सहज, हवापाण्याच्या गोष्टी बोलाव्यात तसं बोलले. मुलानं ऐकलं आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला. पेंटर तेव्हा आधीच निम्मं जेवण ताटात टाकत होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर पुरचुंडी आली नव्हती. मुलानं बापड्यानं मनावर घेतलं. राजा पार्कातल्या मसाले-जडीबुटी विकणाऱ्या एका मोठ्या पंसाऱ्याकडे गेला आणि मागितलं, "तिरफल." दुकानदारानं त्याला सुधारलं, "त्रिफला बोलिए, साहब," आणि पोटासाठी उत्तम म्हणून चूर्णाचा मोठा डबा दिला. मुलानं घरी येऊन चमचाभर वरणात कालवलं.

मी त्या दिवशी तिथंच होतो. पेंटर भात-वरण जेवत होते. एक घास, दोन घास. चेहऱ्यावर काही नाही. मुलगा समोर उभा, ओठ चावत. "पापा, आज मी टाकलंय त्यात. तुमचं ते."

पेंटर थांबले. पुन्हा एक घास घेतला, तोंडात घोळवला. मग म्हणाले, "डबा बघू." मुलानं डबा दिला. त्यांनी चष्मा वर केला, छापलेली अक्षरं वाचली आणि डबा परत केला.

"काना काढ याचा," म्हणाले. "आणि जोडाक्षर सोडव. हे पोट साफ करायचं आहे. तिरफळाला काना नसतो."

आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांची जी धावपळ झाली तीवरही हसलो, आणि तिथूनच ते गादी आणि संडासाचं वाक्य जन्माला आलं. पण घरी येताना मी त्या घासाचाच विचार करत होतो. त्रिफळा कडू असतं, तुरट असतं, जीभ आवळून धरतं. पेंटरांना ते वाचून कळलं होतं. चाखून कळलं नव्हतं. हे मुलाच्या लक्षात आलं नाही. पेंटरांच्या लक्षात आलं होतं का, ते मला सांगता येणार नाही. मी निघताना त्यांनी माझा हात धरला होता आणि म्हणाले होते, "खानदेश, तू आण. वाडीवर जा. बहिणीकडून आण. बाजारातलं नको."

फाल्गुनात माझ्या भाच्याचं लग्न कल्याणला होतं. लग्न उरकल्यावर मी कर्जत गाठलं, तिथून रिक्षा, मग पायी. वाडी सापडायला वेळ लागला, कारण पेंटरांनी सांगितलेल्या खुणा आता नव्हत्या. डोंगराचा उतार टप्प्याटप्प्यानं कापून सपाट केलेला, तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, फाटकावर बंगल्यांची रंगीत चित्रं. बहीण दारात बसली होती. तोच काटकुळा बांधा, तेच डोळे. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी पाणी दिलं.

"दादा बरा हाय?"

"बरा आहे. तिरफळ मागतोय."

ती उठून आत गेली आणि फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. ओंजळभर असेल. "एवढीच हायत. बी काढाया जमली नाय, डोळ्यांना दिसत नाय आता. न्यायाला कोण गावला नाय म्हून ऱ्हायली."

"पुढच्या वर्षी..."

"झाड नाय बाबा." तिनं कुंपणाकडे हात केला. "मी तोडली, आन् शेंड्याची पाखरांना ठेवली. पाखरं यायच्या आधी मशीन आली."

मी पुरचुंडी पिशवीत ठेवली. निघताना ती फाटकापर्यंत आली. "दादाला झाडाचं सांगू नको," म्हणाली. "म्हणावं, दिवाळीला आणखी धाडते."

जयपूरला उतरलो तो पिशवी घेऊन थेट मालवीय नगरला गेलो. पेंटर खिडकीशी खुर्चीत बसले होते. महिन्याभरात आणखी आटले होते. बांधकामाच्या आवाजामुळं खिडकी एरवी बंद असते, पण आज उघडी होती. मला बघून त्यांनी विचारपूस केली नाही, लग्न कसं झालं विचारलं नाही. नुसता हात पुढे केला.

मी गाठ सोडली. त्यांनी एक फळ उचललं, नखानं उकललं, काळी बी खिडकीच्या चौकटीवर काढून ठेवली. टरफल जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मी त्यांच्या उजव्या डोळ्याकडे बघत होतो. तिरफळ लागलं की त्याच डोळ्याला पाणी यायचं, इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. डोळा कोरडा राहिला. त्यांनी दुसरं टरफल घेतलं. मग तिसरं. मग चारदोन एकदम तोंडात टाकून शेंगदाण्यासारखी चावली. शेजारी मीही एक जिभेवर ठेवलं. संत्र्याचा वास नाकात चढला आणि क्षणात जीभ थरथरायला लागली. इतकं कडक तिरफळ मी कधी चाखलं नव्हतं.

पेंटरांनी डोळे उघडले. "कुठून घेतलीस?"

"वाडीवरून. बहिणीनं दिली."

"खोटं बोलू नको." घोगरा आवाज चढला. "वाडीवर तू गेलाच नाहीस. लग्नात हादडलंस आणि येताना दादरच्या कुठल्या तरी दुकानातून हा कचरा उचललास. ही आमच्या झाडाची नाहीत. ही तिरफळंच नाहीत. लाकडाचा भुसा आहे नुसता."

मला सिद्ध करणं सोपं होतं. बहिणीचे डोळे, तिचं फडकं, ते कुंपण, पाखरांसाठी ठेवलेला शेंडा, सगळं सांगता आलं असतं. नाहीतर मुलाला हाक मारून त्याच्या जिभेवर एक ठेवलं असतं तरी पुरे होतं. फळं खरी आहेत एवढं सिद्ध झालं असतं, आणि मग या माणसाजवळ काय उरलं असतं? मी पुरचुंडीतली आणखी दोन टरफलं घेऊन जिभेवर ठेवली. साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून ते ठेवायचे तशी.

"हो," मी जड जिभेनं म्हणालो. "नाही जमलं जायला. बाजारातली आहेत."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. खुर्चीत सरळ बसले. मला शिव्या दिल्या, अगदी मनापासून, खानदेशाच्या सात पिढ्यांना धरून. मग आत हाक मारली, "अरे, ये इकडं. बघ, या तुझ्या काकानं मला फसवायला बघितलं. जिभेवर ठेवल्याबरोबर ओळखलं मी."

मुलगा हात पुसत बाहेर आला. "मतलब पापा, टेस्ट येतोय तुम्हाला?"

"येतोय म्हणजे? गेला कधी होता?"

मुलगा माझ्याकडे बघून हसला. त्याचे डोळे भरले होते. "थँक्यू काका," म्हणाला. मी मान हलवली.

"फेकून दे ते," पेंटर मला म्हणाले. "आमचं झाड आहे तिकडं. दिवाळीला बहीण पाठवेल खरी. तोवर मी कुठं जात नाही. आज वाढ रे मला पोटभर."

मी खिडकीशी गेलो. खाली नव्या इमारतीची वाळू आणि विटा पडल्या होत्या. फडकं उलटं केलं. वाऱ्यानं टरफलं इकडं तिकडं उडाली, बिया सरळ खाली गेल्या. चौकटीवरची एक बी राहिली होती, ती पेंटरांनी फुंकर मारून घालवली. पेरायची आठवण त्यांना झाली नाही, कारण त्यांच्या लेखी ती तिरफळाची बी नव्हती.

ते जेवायला बसले आणि मी निघालो. खाली येऊन सिटी बस पकडली. जागा मिळाली. कंडक्टर आला आणि कुठं जायचं म्हणून विचारलं. मला स्टेशन म्हणायचं होतं, पण जीभ अजून झोपलेली होती, शब्द बाहेर पडला तो भलताच. त्यानं पुन्हा विचारलं. मी बोटानं नुसतं पुढं दाखवलं.